भावोजींना हवं होतं ते छोटं मशीन

रंगाच्या त्या कारखान्यात पांढऱ्या रंगाचे एकोणीस प्रकार बनत, आणि ते एकोणीसही नुसत्या नजरेने ओळखणारा माणूस एकच होता. त्याला सगळे पारखी म्हणत. कागदोपत्री त्याचं नाव वेगळं होतं, पण ऑफिसातला क्लार्कसुद्धा "पारखी, इथे सही" एवढंच म्हणायचा. ग्राहकाकडून आलेला रंगाचा नमुना खिडकीच्या उजेडात धरायचा, शेजारी आपल्या रंगाचा पट्टा धरायचा आणि दोन्हींतला फरक सांगायचा, हे त्याचं काम. "पिवळा थेंबभर जास्त झालाय," तो म्हणायचा, आणि मशीनवर तपासलं की पिवळा खरंच थेंबभर जास्त निघायचा.

हीच नजर तो घरी टीव्हीला लावायचा. त्याला व्हिडिओ गेमचं वेड होतं. शाळेत असताना लागलेलं ते वेड चाळिशी जवळ आली तरी उतरलेलं नव्हतं. लग्न या ना त्या कारणाने राहून गेलं होतं. एका खोलीचं घर, त्यात एक खाट, एक टेबल, आणि समोर अख्खी भिंत व्यापणारा टीव्ही. आजवर निघालेला प्रत्येक कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं मशीन, त्याच्याकडे खोक्यासकट जपून ठेवलेला होता. नवा येणार असला की सहा महिने आधीपासून तो माहिती गोळा करत बसायचा. इंटरनेटवर शौकिनांचा एक फोरम होता, तिथे जगभरची माणसं एकमेकांच्या उरावर बसल्यासारखी भांडायची. सेकंदाला तीस चित्रं दिसतात की साठ, सावलीच्या कडा गुळगुळीत आहेत की दातेरी, पाण्यावर पडलेलं प्रतिबिंब खरं वाटतं की चिकटवल्यासारखं. पारखीही त्या भांडणात हिरिरीने उतरायचा. तिथे तो हजारो लोकांतला एक होता, त्याचं म्हणणं कुणी फारसं मनावर घ्यायचं नाही.

कारखान्यात मात्र त्याचा शब्द शेवटचा होता. तिथे बाकी कुणाला ना सावल्यांचं पडलेलं होतं ना प्रतिबिंबांचं. कुणाच्या मुलाने वर्षभर हट्ट धरलेला असायचा, कुणाला बोनस मिळालेला असायचा, कुणाच्या शेजाऱ्याने घेतलेला असायचा. असा माणूस जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये पारखीच्या टेबलाशी येऊन उभा राहायचा. "आपल्याला यातलं ओ की ठो कळत नाही. तूच सांग बाबा, कुठलं घेऊ?" मग पारखी डबा बाजूला सारून बोलायला लागायचा. बोलता बोलता खिशातलं रंगछटांचं जुनं शेडकार्ड काढून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मशीनचं नाव लिहून द्यायचा. ते कार्ड घेऊन माणूस थेट बसस्टॉपजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जायचा. दुकानदार कार्ड उलटं करून बघायचा आणि काही न बोलता खोकं काढून द्यायचा. "तुमचा पारखी आहे तोवर मला तोंड उघडायची गरज नाही," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि ते ऐकून पारखीची छाती फुगायची. फोरमवरच्या अनोळखी माणसांच्या भांडणाचा निकाल असा एका टेबलावरून, एका कार्डावरून चाळीस-पन्नास घरांत जाऊन पोचायचा. त्या घरांतल्या कुणालाच ते ठाऊक नव्हतं, आणि त्याचा विचार करावा असं पारखीलाही कधी वाटलं नव्हतं.

त्या वर्षी दोन नवे कन्सोल आले. एक मशीन मोठं, काळं, ताकदवान. त्यातलं चित्र पाहून पारखी पहिल्यांदा खुर्चीतून उठूनच उभा राहिला होता. दुसरं होतं छोटं, पांढरं, पावाच्या लादीएवढं. त्याची ताकद काळ्याच्या पावपटही नव्हती. त्याच्यासोबत दोन दांडकी मिळायची. ती हातात धरून टेनिस खेळल्यासारखा हात फिरवला की टीव्हीतला माणूस चेंडू मारायचा, स्टिअरिंगसारखं वळवलं की गाडी वळायची. फोरमवर त्याची यथेच्छ टिंगल झाली. पारखीने त्याला नाव ठेवलं खुळखुळा, आणि दोन दिवसांत ते कारखानाभर झालं.

कारखान्यात एकानेच त्याचं ऐकलं नाही, फोर्कलिफ्ट म्हणजे माल उचलायची गाडी चालवणाऱ्याने. "मला चार मुलं आहेत, वर सासूबाई," तो म्हणाला. "सगळ्यांना एकाच जागी बसवायचंय मला. सावल्या काय करायच्यात?" त्याने छोटं मशीन घेतलं आणि पुढे कितीतरी दिवस लोक त्याला खुळखुळेवाला म्हणून हाका मारत. तो हसून हात करायचा.

पारखीचे भावोजी कारखान्याच्या स्टाफ बसवर ड्रायव्हर होते. धिप्पाड, कमी बोलणारे, पंचेचाळिशीचे. पारखी बारा वर्षांचा असताना त्याची आणि ताईची आई गेली. ताईने लग्न होऊन जाताना धाकट्या भावाला सोबत नेलं, आणि भावोजींनी त्याला घरात घेताना एका शब्दाने कुरकुर केली नाही. नोकरी लागल्यावर तो वेगळा राहायला लागला, तेही पाच मिनिटांच्या अंतरावर. रविवारचं जेवण ताईकडेच. ताई-भावोजींना बऱ्याच वर्षांनी एक मुलगी झाली होती. एका जागी ठरायची नाही म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

एका दुपारी फोर्कलिफ्टवाल्याचा पाय मुरगळला. बसमधून उतरल्यावर त्याला जिना चढवेना, म्हणून भावोजी त्याला धरून वर घेऊन गेले. घरात गोंधळ चालला होता. चारही मुलं आणि आजी टीव्हीसमोर उभी राहून हात फिरवत होती. मुलांनी काकांना सोडलंच नाही. त्यांच्या हातात एक दांडकं दिलं आणि गाडीच्या शर्यतीत उतरवलं. भावोजींनी ते दोन्ही हातांत बसच्या मोठ्या स्टिअरिंगसारखं धरलं, कोपरं पसरून. वळणावर वेग कमी केला, मागच्या गाड्यांना वाट दिली, आणि सगळ्यांत शेवटी पण गाडीला ओरखडा न लागू देता पोचले. मुलं जमिनीवर लोळून हसत होती. "काका, ही शर्यत आहे, स्टाफ बस नाही!" भावोजीही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हे सगळं पारखीला पुष्कळ वर्षांनी, फोर्कलिफ्टवाल्याच्या तोंडून कळलं. त्या वेळी भावोजी घरी येऊन कुणाला काही बोलले नाहीत.

पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर त्यांनी विषय काढला.

"मेहुणे, एक विचारायचं होतं," ते म्हणाले. पारखीला ते कायम अहो-जाहो करायचे, निम्मं आदराने आणि निम्मं थट्टेने. "भिंगरीला ते गेमचं मशीन घ्यावं म्हणतोय. घरात सगळ्यांना मिळून खेळता येईल असं कुठलं?"

"घ्याच!" पारखी खूश झाला. "काळं घ्या. दुसरा विचारच करू नका."

"ते छोटं आलंय म्हणे. हात फिरवायचं."

"खुळखुळा?" पारखी हसला. "भावोजी, ते खेळणं आहे. पंधरा दिवसांत कंटाळेल ती. चित्र बघा त्याचं, दहा वर्षांपूर्वीचं वाटतं. पुढे त्यावर चांगले गेमसुद्धा येणार नाहीत. एकदाच घ्यायचं तर नीट घ्या."

"त्या मोठ्यात मला येईल का खेळायला?"

"न यायला काय झालं? तुम्ही एवढी बस चालवता!"

ताई आतून म्हणाली, "अहो, त्याला कळतंय ना त्यातलं. तो म्हणेल तेच घ्या." भावोजींनी मान हलवली. पारखी त्यानंतर अर्धा तास बोलत होता. टीव्ही कुठे लावावा, कुठली वायर घ्यावी, पहिला गेम कुठला. भावोजी त्याच्या तोंडाकडे बघत ऐकत होते. 'मिळून' हा शब्द त्यांनी पहिल्याच वाक्यात उच्चारला होता, आणि पारखीच्या कानावर तो पडूनही पडला नव्हता.

शनिवारी सगळे दुकानात गेले. काळ्या मशीनचं खोकं काउंटरवर आलं. भिंगरी त्याला मिठी मारूनच उभी राहिली. भावोजी खालच्या फळीकडे बघत होते, तिथे छोट्या मशीनचं एकच खोकं धूळ खात होतं. दुकानदाराने त्यांच्याकडे बघितलं, मग पारखीकडे बघितलं, आणि बिल करायला घेतलं.

पहिले काही दिवस घरात नुसती धमाल. भिंगरीची बोटं मामासारखीच चपळ निघाली. एका आठवड्यात सगळी बटणं तिला पाठ झाली. भावोजीही बसले एकदा गाडीच्या शर्यतीला. हातातल्या कंट्रोलरवर सोळा बटणं, दोन काड्या. गाडी वळवायची ती अंगठ्याने काडी किंचित ढकलून. भावोजींच्या अंगठ्याखाली ती काडी दिसेनाशीच व्हायची. गाडी सुटली की भिंतीवर, वळवली की पुन्हा भिंतीवर. "हे अंगठ्याचं ड्रायव्हिंग आहे," ते म्हणाले. "माझं खांद्याचं." भिंगरी हसली. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा शिकवलं. चौथ्या दिवशी तिचा धीर सुटला. "बाबा, दे इकडे, तुझ्यामुळे हरतो आपण." त्यांनी लगेच दिलं. नंतर त्यांनी मागितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

काळ्या मशीनवरचे बहुतेक गेम एका घरात दोघांनी खेळायचे नव्हतेच. इंटरनेटवरून खेळायचे, प्रत्येकाने आपापल्या घरून, कानाला हेडफोन लावून. ते पारखीला माहीत होतं, पण त्याने ते सांगितलं नव्हतं. यात सांगण्यासारखं काही आहे हेच त्याच्या लक्षात आलं नव्हतं, कारण तो एकटा राहणारा माणूस. त्याच्या दृष्टीने मिळून खेळणं म्हणजे हेच.

आणि मग त्याच्या आयुष्यातली सगळ्यांत सुखाची वर्षं सुरू झाली. रोज संध्याकाळी सहाला तो आपल्या खोलीत हेडफोन लावून बसायचा, आणि पाच मिनिटांच्या अंतरावर भिंगरी. दोघांची टीम. "मामा, मागे बघ, मागे!" "अगं तू आधी वर चढ, मी सांभाळतो." त्याने एखादा विनोद केला की तिचं खिदळणं थेट त्याच्या कानात यायचं. एकट्या माणसाच्या घरात एवढा आवाज कधी झालाच नव्हता. ती दहाची झाली, बाराची झाली, चौदाची झाली. शाळेतलं काय बिनसलंय, कुठल्या मैत्रिणीशी अबोला आहे, चित्रकलेच्या बाईंनी काय म्हटलं, सगळं तिने आधी मामाला सांगितलं.

भावोजींची पहिली पाळी असायची, चारला घरी यायचे. सहा वाजता ते भिंगरीच्या मागे खाटेच्या कडेला येऊन बसायचे. त्यांना तिची पाठ दिसायची, हेडफोनचा पट्टा आणि वेणी. ती मधेच मोठ्याने हसायची. ज्याला हसली ते त्यांना ऐकू यायचं नाही. एकदा त्यांनी विचारलं, "काय झालं गं?" ती मान न वळवता म्हणाली, "काही नाही, मामा." थोडा वेळ बसून ते उठायचे आणि ताईला भाजी निवडून द्यायचे. ताईने हे एकदा भावाजवळ सहज बोलून दाखवलं होतं. "रोज बसतात रे तिच्यामागे. यांना त्यातलं काही कळत नाही, तरी बसतात." पारखीला ते ऐकून कौतुक वाटलं होतं. भावोजींनाही गोडी लागली म्हणायची, एवढंच त्याच्या मनात आलं.

सतराव्या वर्षी भिंगरीचं खेळणं आपोआप सुटलं. अभ्यास, मैत्रिणी, मग कॉलेजसाठी दुसरं शहर, मग तिथेच विमानतळावर मालवाहतुकीच्या ऑफिसात नोकरी. वर्षातून दोन-तीनदा यायची. काळं मशीन ताईने कपाटात वर ठेवून दिलं. पारखीला सहा वाजले की खोली खायला उठायची. त्याने नवा कन्सोल घेतला, नव्या अनोळखी लोकांची टीम धरली, पण पूर्वीची मजा नव्हती.

भिंगरी एकवीस वर्षांची असताना बसस्टॉपजवळचं दुकान बंद व्हायला आलं. लोक सगळं घरबसल्या मागवायला लागले होते. दुकानदाराने उरलासुरला माल अर्ध्या किमतीत काढला होता. पारखी एका वायरसाठी गेला. रिकाम्या फळ्या, जमिनीवर पुठ्ठे, दुकानदार चष्मा कपाळावर चढवून स्टुलावर बसलेला. जुन्या गप्पा निघाल्या.

"तुमच्या कार्डांनी माझी दहा वर्षं सोपी केली," दुकानदार म्हणाला. "एकदाच फक्त वाईट वाटलं. तुमच्या भावोजींचं."

"भावोजींचं?"

"त्यांना ते छोटं हवं होतं ना. तुम्ही सगळे शनिवारी आलात, त्याच्या आधीच्या आठवड्यात बुधवारी एकटेच येऊन गेले होते. मी लावून दाखवलं. बराच वेळ खेळत होते इथे उभे राहून, ड्रायव्हरचा गणवेश अंगावर. म्हणाले, हे मला जमतंय. मी म्हटलं, घेऊन जा मग. तर म्हणाले, मेहुण्यांना विचारतो आधी, त्यांना कळतं."

पारखीने हातातली वायर काउंटरवर ठेवली.

"नंतर परत आले होते," दुकानदार पुढे सांगत होता. "तुम्ही काळं नेलंत त्यानंतर महिन्याभराने. बदलून मिळेल का म्हणाले. आता खोकं उघडलेलं, कसं बदलणार? मग म्हणाले, बरं, मी हप्त्याने ते छोटंही घेतो. पण तोवर मी ते कंपनीला परत पाठवलं होतं. तुमच्या कारखान्यातलं कुणी त्याला हात लावेना, ठेवून काय करू? मी म्हटलं, पारखींना सांगा, ते कुठूनतरी मिळवून देतील. तर घाईघाईने म्हणाले, नको नको, त्यांना बोलू नका. त्यांनी हौसेने निवडून दिलंय, वाईट वाटेल त्यांना."

दुकानदार पुठ्ठे गोळा करायला वाकला. आपण काही जड सांगितलं असं त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. पारखीने वायरचे पैसे दिले, बाहेर आला, आणि बस आली तरी चढला नाही. पुढचीही सोडली.

त्या सगळ्या संध्याकाळी त्याला एकेक करून आठवायला लागल्या, पण आता दुसऱ्या खोलीतून. आपण इकडे विनोद करतोय, तिकडे ती हसतेय, आणि तिच्यामागे खाटेच्या कडेला एक माणूस बसलाय. मुलीबरोबर खेळायचं म्हणून त्या माणसाने मशीन मागितलं होतं. आपण त्याला ते मिळू दिलं नाही. वर त्याची जागाही आपणच घेतली, आठ वर्षं, रोज, सहाच्या ठोक्याला.

मग कॅन्टीनमधली माणसंही डोळ्यांसमोर यायला लागली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने सहज विचारल्यासारखं करून दोघा-तिघांना त्यांच्या मशीनचं विचारलं. पॅकिंगमधल्या बाई म्हणाल्या, "ते होय? मुलगा खेळायचा थोडं. मला वाटलं होतं आम्ही दोघं खेळू, पण मला काही ते जमलं नाही. आमचीच बुद्धी कमी." कॅन्टीनच्या आचाऱ्याने आपल्या काळ्या मशीनवर फक्त सिनेमे बघितले होते. एकानेही पारखीला बोल लावला नाही. चूक आपलीच, मशीन तर उत्तमच, असंच जो तो म्हणत होता. ते ऐकवेना म्हणून तो डबा अर्धा टाकून उठला.

त्या रविवारी ताई बाहेर गेली होती. भावोजी स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून चहा गाळत होते. आता ते निवृत्तीला आले होते. इतकी वर्षं जड स्टिअरिंग ओढून उजवा खांदा आखडला होता, हात खांद्याच्या वर जायचा नाही.

"भावोजी, दुकानदार भेटला होता," पारखी म्हणाला.

भावोजींनी गाळणी खाली ठेवली. "बोलला वाटतं."

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? तुम्ही एवढं समजावून सांगत होता. तुमचा चेहरा कसा झाला होता तेव्हा! म्हटलं, माणूस एवढ्या हौसेने देतोय, त्याला कशाला मोडता घालायचा."

"तुम्ही विचारलं होतंत, सगळ्यांना मिळून खेळता येईल असं कुठलं. मी ऐकलंच नाही. मी मला आवडलेलं सांगितलं."

"भिंगरीला आवडलं ना. झालं तर मग."

"तुम्हाला हवं होतं, भावोजी."

भावोजींनी कप त्याच्या हातात दिला. मग म्हणाले, "हो. हवं होतं." आणि आपला कप भरता भरता, "ती मागे वळून बघायची कधीकधी. मी आहे का बघायला. तेवढ्यासाठी बसायचो."

पारखीला माफी मागायची होती. त्याने चहा संपवला आणि दोन्ही कप विसळून ठेवले.

त्याने ते छोटं मशीन शोधायला सुरुवात केली. बाजारात ते कधीच बंद झालं होतं. शेवटी फोर्कलिफ्टवाल्याला विचारलं. तो आता सेवानिवृत्त, मुलं आपापल्या संसारात. "खुळखुळा हवाय तुला?" तो म्हणाला, आणि मनसोक्त हसून घेतलं. मग माळ्यावर चढून खोकं काढलं, ओल्या फडक्याने पुसलं, आणि दोन्ही दांडक्यांत नवे सेल घालून दिले. "घेऊन जा. पैसे-बिसे काढू नकोस." त्याच वेळी त्याने भावोजींच्या त्या पहिल्या शर्यतीची गोष्ट सांगितली, कोपरं कशी पसरली होती ते करूनही दाखवलं. पारखीही हसला. जिना उतरताना त्याला मधेच एका पायरीवर थांबावं लागलं.

भिंगरी दोन दिवसांसाठी आली तेव्हा त्याने ते ताईकडे नेऊन लावलं. "अय्या, हे तर अँटिक आहे!" ती म्हणाली. बापाच्या शेजारी उभी राहिली आणि दोघं शर्यतीला उतरले. भावोजींचा उजवा हात फारसा वळत नव्हता, डाव्याने निभावत होते. गाडी नीट चालली होती. "बाबा, तुला येतं की!" भिंगरीला खरंच आश्चर्य वाटलं. दोन डाव झाले. तिसऱ्यात तिचा फोन वाजला. ऑफिसचा होता, कुठलंतरी विमान उशिरा येणार होतं. ती दांडकं खाटेवर ठेवून बाल्कनीत गेली आणि वीस मिनिटं बोलत राहिली. तिची गाडी पडद्यावर रस्त्याच्या मधोमध उभी होती. भावोजींनी आपलीही गाडी कडेला घेतली आणि थांबवली. ती आत आली तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. जेवून ती मैत्रिणीकडे गेली. जाताना बापाच्या गळ्यात पडून म्हणाली, "उद्या खेळू हं." दुसऱ्या दिवशी तिकिटाचा घोळ झाला आणि ती सकाळीच निघाली. तिचं काही चुकलं नव्हतं. ती एकवीस वर्षांची होती, एवढंच.

पारखीने शेडकार्डावर नाव लिहून देणं बंद केलं. लॅबमध्ये नव्याने लागलेल्या मुलीने एकदा विचारलं, भावासाठी कुठलं घेऊ. त्याने उलट तिला विचारलं, घरात कोण कोण आहे, कोण कोणाबरोबर बसतं. ती जरा वैतागलीच. "सर, तुम्ही फक्त नाव सांगा ना." त्याला नाव सांगता आलं नाही. तिने मग इंटरनेटवर वाचून सगळ्यांत ताकदवान होतं ते घेतलं.

रविवारी दुपारी जेवण झालं की आता पारखी आणि भावोजी छोट्या मशीनवर शर्यत लावतात. ताई बाजूला बसून दोघांना नावं ठेवते. पारखी जाणूनबुजून हरत नाही, भावोजी खरोखरच जिंकतात. वळणावर त्यांचा हात आजही आपसूक वेग कमी करतो आणि पारखी घाईत कठड्यावर आपटतो. मध्यंतरी एकदा लागोपाठ चार डाव जिंकल्यावर भावोजी खाटेवर टेकले, दुखरा खांदा चोळत. पडद्याकडे बघत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "नऊ वर्षांची होती तेव्हा आम्ही दोघं काय खेळलो असतो हो हे."

त्यांच्या बोलण्यात कसला टोमणा नव्हता. पारखी मान खाली घालून हातातल्या दांडक्याचा पट्टा मनगटाभोवती नीट बसवत राहिला. ताई म्हणाली, "आता पुरे करा, चहा टाकते," आणि उठून आत गेली.